जांभळाचा रस काढताना गुणकारी द्रव्यांची जपणूक

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या वनप्रदेशात, तसेच लातूर जिल्ह्यात ओढ्यांच्या काठी व शेतांच्या बांधांवर जांभळाची झाडे आढळतात. मृगाच्या सुमारास फळ पिकते आणि साध्या हवेत दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. चार दिवस बाजारात ढीग लागतात, भाव उतरतो आणि उरलेले फळ झाडाखालीच सडते. ही नासाडी टाळण्यासाठी शेतकरी कुटुंबे व महिला बचत गट रस आणि सरबत तयार करू लागले, हे योग्यच होय. परंतु रस टिकला म्हणजे त्यातील गुणही टिकले, असे मात्र नाही.

वनस्पतिशास्त्रानुसार जांभूळ हे मृदुफळ आहे. त्याचा रंग अँथोसायनिन या द्रव्यामुळे येतो, तर तुरटपणा मुख्यत्वे टॅनिनमुळे. वांगे चिरून उघडे ठेवल्यास काळवंडते, ते हवेतील ऑक्सिजनशी होणाऱ्या क्रियेमुळे. अशा क्रियेस, म्हणजे ऑक्सिडीकरणास, विरोध करण्याचा गुण वरील दोन्ही द्रव्यांत आहे. प्रयोगशाळेत हा गुण स्पष्ट दिसतो. शरीरात मात्र अँथोसायनिनचे शोषण अल्प प्रमाणातच होते. म्हणून फळ पौष्टिक आहे एवढेच सांगावे, त्याहून मोठे दावे करू नयेत.

गराच्या मानाने सालीत रंग कितीतरी अधिक असतो. फळे कुस्करून लगेच कापडातून पिळल्यास रस फिकट निघतो आणि उत्तम भाग चोथ्याबरोबर उकिरड्यावर जातो. याकरिता फळे स्वच्छ धुवून कुस्करावीत व लगदा 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत पाच-दहा मिनिटे ढवळत तापवावा. या उष्णतेने सालीतील रंग रसात उतरतो. शिवाय रंगाचा नाश करणारी फळातीलच विकरे दुर्बल होतात. येथे घाई जितकी वाईट, तितकाच अतिरेकही. रस आटवून दाट करण्यासाठी तासभर उकळत ठेवला, तर जांभळा रंग तपकिरी होऊ लागतो. तो पालट म्हणजेच अँथोसायनिनचा नाश होय. सरबतासाठी साखरेचा पाक वेगळा करून थंड करावा आणि मगच त्यात रस मिसळावा.

गावच्या बैठकीत एक प्रयोग सहज करून दाखविता येतो. काचेच्या तीन पेल्यांत पाणी घालून पातळ केलेला रस घ्यावा. एकात लिंबू पिळावे, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा, तिसरा तसाच ठेवावा. लिंबाचा रस लालसर होतो, सोड्याचा निळसर-हिरवट होऊन पुढे मळकट दिसू लागतो. अँथोसायनिन आम्लात स्थिर राहते व अल्कलीत बिघडते, हे शब्दांनी सांगण्यापेक्षा असे दाखविलेले अधिक ठसते. साठवणीच्या रसात मात्र लिंबाच्या रसाऐवजी सायट्रिक आम्ल वापरणे बरे. कारण लिंबातील क जीवनसत्त्व साठवणीत या रंगाच्या नाशास हातभार लावते.

भांड्याची निवड ही किरकोळ बाब समजली जाते. ती तशी नाही. लोखंडी कढईत रस काळसर पडतो, कारण लोहाचा टॅनिनशी संयोग होतो. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तर आम्ल रस ठेवूच नये. स्टेनलेस स्टीलचे भांडे व लाकडी पळी पुरेशी आहे.

परिरक्षकाच्या बाबतीत वारंवार एक चूक घडते. आंब्याच्या किंवा लिंबाच्या सरबतात घालतात म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट जांभळातही घातले जाते. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू अँथोसायनिनचा रंग उडवितो, आणि बाटलीतील रस फिका पाहून गिऱ्हाइकास भेसळीचा संशय येतो! रंगीत रसासाठी सोडियम बेंझोएट वापरावे. तेही कायद्याने ठरविलेल्या मर्यादेतच आणि तराजूने मोजून. विक्रीसाठी माल करणाऱ्यांनी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी.

भरलेल्या बाटल्या बुच लावून 80 ते 85 अंशांच्या गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवाव्यात व हळूहळू थंड कराव्यात. त्यानंतर त्या कोठे ठेवावयाच्या, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. पत्र्याच्या खोलीत, उन्हाच्या तिरिपेत ठेवलेला रस काही आठवड्यांतच रंग सोडतो. मातीच्या भिंतींची, अंधारी व थंड खोली अधिक उपयुक्त ठरते.

राहिलेल्या चोथ्यातही टॅनिन व रंग शिल्लक असतो. तो पातळ पसरून, काळ्या कापडाखाली अथवा झाकलेल्या सौर वाळवणी यंत्रात वाळवावा; उघड्या उन्हात रंग उडतो आणि धूळ बसते ती वेगळीच. आवळ्याच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. मोरावळ्यासाठी आवळे उकळून ते पाणी फेकून दिले, की विद्राव्य टॅनिन व क जीवनसत्त्वाचा मोठा हिस्सा त्या पाण्याबरोबर जातो. त्यापेक्षा आवळे वाफवून घ्यावेत.

जांभळाच्या बिया धुवून, सावलीत वाळवून दळता येतात व त्या भुकटीस मागणीही असते. तथापि ‘मधुमेह बरा होतो’ असे पुडीवर छापणे किंवा हाटात ओरडून सांगणे 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये गुन्हा ठरतो. जे ग्राहक मधुमेहाचे औषध घेत असतील, त्यांना ते बंद न करण्याविषयी विकणाऱ्याने स्पष्ट सांगावे.