पांढरी पडलेली जमीन

कबनूरला माग आहेत आणि ऊसही आहे. मागाला वीज लागते. उसाच्या मोटारीलाही वीजच लागते.

रात्रीची वीज आली की मोटार सुरू करायची आणि झोपायचं. सकाळपर्यंत पाणी चालूच! पाणी जास्त झालं तर काय बिघडलं, असं पुष्कळांना वाटतं.

पण काळी जमीन पाणी लवकर खाली सोडत नाही. जमिनीतलं पाणी वर चढत जातं. दिव्याची वात तेल वर ओढते ना? तशीच माती हे पाणी वर ओढते. उन्हाने पाणी उडून जातं. क्षार मात्र वरच राहतात. जमीन पांढरी पडते. ऊस खुरटतो, मग उगवतच नाही.

शेजारच्या शिरोळ तालुक्यात अशी हजारो एकर जमीन वाया गेली. तिथल्या श्री दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना बरोबर घेऊन ती सुधारायचं काम हाती घेतलं.

जमिनीखाली भोकांचे पाइप पुरतात. साचलेलं पाणी त्यांतून ओढ्याला जातं. पावसाने क्षार धुपतात, तेही त्याच वाटेने जातात.

हे काम एकट्याचं नव्हे. माती तपासायला जाणकार हवा. उतार मोजायला इंजिनिअर हवा. पण पांढरा डाग पहिल्यांदा कुठे दिसला? ते शेतकऱ्यालाच ठाऊक. आणि पाइप शेजाऱ्याच्या रानातून जायचा असतो. तो नको म्हणाला, की सगळं अडलं!

मोटार वेळेवर बंद केली नाही, तर पाइप घालूनही पाणी पुन्हा साचतं. शिवाय ते खारं पाणी ओढ्यातून नदीला जातं. खालच्या गावांना त्याचा त्रास होतो का, हेही तपासावं लागतं.