२०३५ची चूक कोणी पकडली?

प्रश्न : हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात छापून आले होते. पुढे ते विधान मागे घ्यावे लागले. इतकी ढोबळ चूक होत असेल, तर हवामानबदलाच्या बाकी दाव्यांवर तरी विश्वास का ठेवावा?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. ती झटकून टाकणाऱ्यांनीच तिला जास्त बळ दिले.

ते विधान आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २००७च्या अहवालातले, आशियावरच्या प्रकरणातले. त्याला आधार होता एका पर्यावरण संस्थेच्या २००५च्या पुस्तिकेचा. त्या पुस्तिकेतला आकडा आला होता १९९९ मधल्या, एका शास्त्रज्ञाशी बोलून दिलेल्या साप्ताहिकातल्या बातमीतून. म्हणजे मुळाशी मोजमाप नव्हतेच. त्याच परिच्छेदात हिमनद्यांचे क्षेत्र ५ लाख चौरस किलोमीटरवरून १ लाखावर येईल असेही म्हटले होते. हिमालयातल्या हिमनद्या या ५ लाखांच्या दहाव्या हिश्शाइतक्याही नाहीत! हे आकडे कोत्ल्याकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या १९९६च्या लेखनात सापडतात. तिथे विषय आहे ध्रुवप्रदेश सोडून साऱ्या जगातल्या हिमनद्यांचा, आणि साल आहे २३५०.

साधा हिशेब केला असता तरी शंका आली असती. मोठ्या हिमनद्यांची जाडी शेकडो मीटर असते आणि वर्षाला सरासरी मीटरभरही बर्फ कमी होत नाही. तीस वर्षांत त्या संपणार कशा?

आपल्याकडे नोव्हेंबर २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांचा निबंध पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. हिमालयातल्या हिमनद्या असाधारण वेगाने मागे हटत असल्याचे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी या टीकेची संभावना जादूटोण्याचे विज्ञान अशा शब्दांत केली. ते चुकले. आयुष्यभर हिमनद्यांवर पायपीट केलेल्या माणसाला उत्तर द्यायचे तर मोजमापानेच द्यायला हवे होते. २० जानेवारी २०१० रोजी आयपीसीसीने चूक मान्य केली.

ही चूक शोधली कोणी? कॅनडाचे ग्रॅहम कॉग्ली आणि त्यांच्यासारख्या हिमनदी-अभ्यासकांनी. हिमनद्या आक्रसत आहेत हे त्यांनाही मान्यच होते, फक्त खोटा आकडा त्यांना सहन झाला नाही. शंका घ्यावी ती अशी, मूळ कागदापर्यंत जाऊन.

मग खरे काय? अमेरिकेच्या जुन्या हेर उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे नंतर खुली झाली. त्यांच्या आधारे ६५० हिमनद्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ ते २००० या काळात पाण्याच्या हिशेबात वर्षाला सरासरी सुमारे २२ सेंटीमीटर बर्फ कमी होत होता, २००० ते २०१६ या काळात सुमारे ४३ सेंटीमीटर. वेग जवळपास दुप्पट झाला.

रैनांचे निरीक्षण आणि हा निष्कर्ष यांत वाटतो तितका विरोध नाही. ते पाहत होते मुख्यतः हिमनदीचे तोंड, म्हणजे गंगोत्रीच्या बाबतीत गोमुख. दगडमातीच्या थराखाली झाकलेले तोंड कधीकधी वर्षानुवर्षे जागचे हलत नाही, पण वरचा बर्फ पातळ होत राहतो. मोठी हिमनदी तापमानाला प्रतिसादही फार उशिरा देते. काराकोरममधल्या काही हिमनद्या तर बराच काळ स्थिर राहिल्या, काही वाढल्याही. हे लपवण्याचे काही कारण नाही.

अतिशयोक्ती पाण्याच्या बाबतीतही होते. हिमनद्या गेल्या की गंगा आटेल असे सरसकट म्हटले जाते. सखल मैदानातल्या गंगेचे बहुतेक पाणी मोसमी पावसाचे असते. सिंधूचे तसे नाही, ती बर्फावर कितीतरी जास्त विसंबून आहे.

२०३५ ही तारीख खोटी होती म्हणून धोका खोटा ठरत नाही. सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हिमनदी मागे हटत गेली तसे तिच्या पायथ्याचे तळे अनेक दशके वाढत होते. ते फुटू शकते असा इशारा अभ्यासकांनी आधीच दिला होता. ३ ऑक्टोबर २०२३च्या रात्री काठाचा मोठा भाग त्यात कोसळला, तळे फुटले आणि तीस्तेच्या पुराने चुंगथांगचे धरण वाहून गेले.