खारजमिनीतील भात व पानातील साखर

भाताचा दाणा मातीने भरतो, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक त्यातील पिष्टाचा कर्ब हवेतून येतो. दहा हजार भाग हवेत कर्बाम्ल वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जेमतेम ४ भाग असतो. तो पानावरील सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि सूर्यप्रकाशापासून हरितद्रव्याने मिळविलेल्या शक्तीवर त्याची साखर बनते. ही क्रिया उलगडल्याबद्दल मेल्व्हिन कॅल्व्हिन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

नवी मुंबईच्या उभारणीत खाडीकाठची बरीच भातशेती गेली. पनवेल-उरणकडे जी उरली आहे, तेथे उधाणाचे पाणी शिरले की शेतात पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही. रोप छिद्रे मिटून घेते. ओलावा वाचतो, पण वायूही बाहेरच राहतो. साखर घटते व लोंबीत पोचट दाणे वाढतात. फुलोऱ्यात असे झाल्यास नुकसान विशेष, आणि ते खताने भरून निघत नाही.

यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच बांध व उघाड्या तपासून घ्याव्यात. शेतकरी बंधूंनी लावणीपूर्वी पावसाचे पाणी खाचरात साठवावे व क्षार विरघळल्यावर ओहोटीच्या वेळी सोडून द्यावे. बियाणे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या क्षारसहनशील वाणांचे निवडावे.