दुसरी रात्र

बाळ झालं की पहिला दिवस कसा निघून जातो ते कळतच नाही. पेढे, फोन, नाक कोणावर गेलंय याच्या चर्चा. जन्माच्या श्रमाने दमलेलं बाळही बहुतेक वेळ झोपून असतं. मला तुम्हा दोघांशी बोलायचंय ते दुसऱ्या रात्रीबद्दल.

त्या रात्री दहा-अकराच्या सुमाराला बाळ जागं होतं आणि रडू लागतं. छातीशी घेतलं की चोखतं, पाच मिनिटांत डोळे मिटतं, पाळण्यात ठेवलं की पुन्हा टाहो. पहाटेपर्यंत हेच. आईचे टाके ठणकत असतात, पाठ मोडून आलेली असते. मग खोलीतलं कोणीतरी हळूच म्हणतं, "हिच्या अंगावर दूधच नाही वाटतं." आणि बाबा चपला घालून, रात्री उघडं असणारं मेडिकल शोधायला निघतात.

प्रसूती वॉर्डात मी सिस्टर म्हणून पंचवीसहून जास्त वर्षं काढली. त्या एका वाक्याने पडलेले किती चेहरे पाहिले, मोजदाद नाही. एकदा तो चेहरा माझाच होता. थोरलीच्या वेळी, सिझेरियननंतर तिसऱ्या दिवशी डब्याचं दूध बाटलीतून सुरू झालं आणि दोन महिन्यांच्या आत माझं दूध आटलं. तेव्हा मी नुकतीच नर्सिंग शिकून नोकरीला लागले होते. बाळंतपण कसं पार पाडायचं ते मला येत होतं. दूध उतरतं कसं, हे मात्र कोणी शेजारी बसून सांगितलं नव्हतं. ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस येतो तो चीक. दाट, पिवळसर, एका वेळेला जेमतेम चमचाभर. गाय-म्हैस व्याली की आपल्याकडे घरोघरी त्या चिकाची वाट पाहतात. खरवस वाटीवाटीने शेजारी जातो, पाहुण्यांसाठी बाजूला काढून ठेवतात. त्याच घरांत आईचा चीक "जड असतो, बाळाला बाधतो" म्हणून पिळून फेकलेला मी पाहिलाय, आणि त्याचं दुःख अजून गेलेलं नाही. आईच्या शरीराने आजवर ज्या ज्या जंतूंशी झुंज दिली, त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं या चिकात ठासून भरलेली असतात. ती बाळाच्या कोवळ्या आतड्यावर अस्तरासारखी पसरतात. पहिली काळी, चिकट शी लवकर पडायला चिकाचीच मदत होते, आणि ती पडून गेली की कावीळ वाढण्याची शक्यताही कमी होते.

चमचाभर चीक पुरतो कसा? बाळाचं पोटच तेवढं असतं. चमच्याने भरतं, लवकर रिकामं होतं, म्हणून ते पुन्हा उठतं. शिवाय रात्रभर चोखून ते एक मोठं काम करत असतं. प्रत्येक वेळी चोखलं की आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक सुटतं, तेच दूध तयार करतं, आणि त्याचं प्रमाण रात्री जास्त असतं. म्हणजे तुम्हाला भुकेचा आकांत वाटतो ती खरं तर उद्याच्या दुधाची मागणी असते. ही मागणी पोचली की बहुतेकींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. सिझेरियन झालेल्या आईला एखादा दिवस उशीर होतो. नेमक्या त्याच रात्री बाळाला बाटलीभर डब्याचं दूध पाजलं, तर ते चार तास झोपतं, मागणी थांबते आणि दूध आणखी मागे पडतं. मग घरचे म्हणतात, बघा, दूध नव्हतंच.

दूध तयार होणं एक आणि पान्हा फुटणं दुसरं. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा. शेतकऱ्याघरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अनोळखी हात लागला, गाय बुजली, कोणी मारलं, तर ती पान्हा चोरते. तेव्हा तो तिला भाकड ठरवत नाही. वासरू सोडतो, पाठीवरून हात फिरवतो, गोठ्यातली गडबड थांबवतो. बाईच्या शरीरातही हेच संप्रेरक आहे आणि तेही भीतीने, वेदनेने, अपमानाने अडतं. म्हणून "दूध पुरत नाही" हे वाक्य बाळंतिणीच्या कानावर पडू देऊ नका, अगदी मायेने म्हटलेलंसुद्धा. पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळ येते तीही ऑक्सिटोसिनचीच. गर्भाशय आकसतं, रक्तस्राव आटोक्यात राहतो.

जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीशी लागावं, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पुढे घरच्या अन्नासोबत दोन वर्षं आणि त्यानंतरही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशाच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली होती, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं होती ४१.८ टक्के. डॉक्टर, सिस्टर सगळे हाताशी असताना. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातच आपल्या दवाखान्यात सांगून ठेवा: बाळ पुसलं की लगेच उघड्या छातीवर द्या, वजन-बिजन नंतर. सिझेरियन असलं तरी विचारा, पुष्कळदा जमतं.

आता थोडं आईशी. तुला अगं-तुगं करते, माझ्या लेकीसारखी आहेस.

दुखत असेल तर सोसू नकोस. पहिल्या क्षणी थोडं ओढल्यासारखं होतं, पण पूर्ण वेळ कळा येत असतील, निपलला चिरा पडल्या असतील, तर दोष तुझ्या त्वचेत नाही, पकडीत आहे. तू बाळावर वाकू नकोस, बाळाला तुझ्याकडे आण. त्याचं पोट तुझ्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. निपल त्याच्या नाकासमोर धर, वरच्या ओठाला स्पर्श कर आणि जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांब. मग पटकन जवळ घे. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय आणि खाली कमी, गालाला खळी पडत नाही, गिळल्याचा बारीक आवाज येतोय, की पकड बरोबर. चुकली तर तोंडाच्या कोपऱ्यातून तुझं बोट आत घालून सोडव आणि पुन्हा लाव. दहादा करावं लागलं तरी चालेल. बाळही शिकतंय, तूही.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचं. घड्याळ बघू नकोस. मुठी तोंडाकडे गेल्या, मान इकडेतिकडे वळली, जीभ बाहेर आली की घे. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. दूध दाटून गाठी झाल्या तर पाजायचं थांबवू नकोस. आधी हाताने थोडं काढून काळा भाग मऊ कर, मग बाळाला लाव. छाती एका जागी लाल होऊन थंडी-ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि दिवसच्या दिवस रडू येत असेल, कशातच जीव रमत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग. त्यात लाज कसली?

तुझ्या शरीरालाही यातून मिळतं. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची एकत्र छाननी २००२ मध्ये झाली, तेव्हा दिसलं की आई एकूण जितकं पाजते त्यातल्या दर १२ महिन्यांमागे तिचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. बीजकोशाच्या कर्करोगाचा आणि मधुमेहाचा धोकाही उतरतो. बाळाला जुलाब, न्यूमोनिया, कानाचे संसर्ग कमी होतात, हे तू ऐकलेलं असशीलच.

आता बाबा. पुरतंय की नाही हे पाहण्याचं काम तुमच्याकडे घ्या, कारण ते दुपट्यांवरून कळतं. सू मोजा. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा. शी काळ्याची हिरवट, मग मोहरीसारखी पिवळी. वजन आधी थोडं उतरतं, दहा टक्क्यांच्या आत असेल तर घाबरू नका. दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं आणि पुढे तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. हे जमत असेल, तर कोणी काहीही म्हणो, दूध पुरतंय. उलट सू कमी, बाळ मलूल, पाजायला उठवूनही उठत नाही, पिवळेपणा पायांपर्यंत उतरलेला, असं दिसलं तर वाट पाहू नका, बालरोगतज्ज्ञ गाठा.

रात्रीचं दुपटं बदलणं, ढेकर काढणं, तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि एक लाडू ठेवणं हेही तुमचं. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच गोड बोलून परत पाठवणंही. त्यात कोणी राग धरला तर धरू द्या.

आज्यांचं ज्ञान मी मोडीत काढणार नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाजरीची भाकरी हे सगळं बाळंतिणीला हवंच. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. पण लाडूने तिची ताकद भरून येते, दूध वाढतं ते चोखण्याने. पाणी तोडणं, डाळ-भाजी वातूळ म्हणून बंद करणं सोडून द्या. बाळाला मात्र गुटी नको, ग्राइप वॉटर नको, आणि मध तर वर्षभर नकोच. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्याला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हाही सहा महिन्यांआधी पाणी लागत नाही, आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. वेगळं द्यायचं ते एकच, डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब.

काही आयांना खरोखरच दूध कमी येतं. थायरॉइडचा त्रास, बाळंतपणात फार रक्त जाणं, स्तनावर झालेली शस्त्रक्रिया, अशी कारणं असतात. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध वाटी-चमच्याने द्यावं, आणि त्या आईने मनात काहीही ठेवू नये. आजीच्या कपाटातलं बोंडलं असेल तर उत्तमच. नीट घासून, उकळून घ्या, चोचीत काही राहू देऊ नका. पण "डबा आणा" असं कोणी सहज म्हणालं, तर का, किती आणि कधीपर्यंत, हे तिन्ही विचारा. १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बाळाच्या डब्याच्या आणि बाटलीच्या जाहिरातीला, फुकट नमुन्यांना बंदी आहे. आईचं दूधच सर्वोत्तम, हे डब्यावर छापणं कंपनीला बंधनकारक आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आणखी एक वाट आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास निर्जंतुक करून तिथे किलो-सव्वा किलोच्या बाळांना मिळू लागलं. आज अशा पेढ्या इतर शहरांतही आहेत. बाळ काचेच्या पेटीत असेल तर आधी स्वतःचं दूध काढून द्या, आणि ते येईपर्यंत अशा पेढीची चौकशी करा.

नोकरीचं म्हणाल, तर २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघरही. रुजू व्हायच्या पंधरा दिवस आधीपासून दूध काढून ठेवायची सवय करा. काढलेलं दूध थंडाव्यात चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास टिकतं. कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा, गॅसवर नको. बस स्थानकांवरच्या हिरकणी कक्षात बसायला संकोचू नका. कक्ष बंद असेल तर किल्ली मागून घ्या. बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या बाईचं नाव त्या दारावर आहे.

गेल्या वर्षी थोरली बाळंतपणाला माझ्याकडे आली. तीही सिझेरियन. दुसऱ्या रात्री बाळाने तसंच घर डोक्यावर घेतलं. मी लेकीच्या पाठीला उशी लावली, पकड दोनदा सोडवून पुन्हा लावली आणि तिथेच बसून राहिले. जावई खुर्चीत. तिने विचारलं, "आई, माझ्या वेळी कोण होतं तुझ्याजवळ?" मी म्हटलं, "अशी बसणारी कोणी नव्हती गं." पाचव्या दिवशी पहाटे तिचं ब्लाऊज भिजलं. जावयांनी कालनिर्णयच्या पानामागे पेन्सिलीने सूच्या रेघा ओढल्या होत्या: एक, दोन, दोन, चार, चार. सहाव्या दिवशी सात.