फॉर्मवरून कळतं का, माणूस जत्रेला का आला?

प्रश्न : महाशिवरात्रीला आम्ही कुरखेड्याहून मार्कंड्याला गेलो होतो. दर्शन घेऊन बाहेर येताना एका कॉलेजच्या मुलीनं फॉर्म पुढे केला. येण्याचा उद्देश कोणता, किती समाधानी, एक ते पाचपैकी आकडा सांगा. आई म्हणाली, नवस होता. माझ्याही फॉर्मवर त्या मुलीनं ‘धार्मिक’वर खूण केली. मी तर खरं म्हणजे जत्रेसाठी गेलो होतो, आणि चामोर्शीची मावशी तिथं भेटते म्हणून. असल्या अभ्यासातून कळतं तरी काय? आपल्या जिल्ह्याला त्याचा उपयोग काय?
– एक वाचक, कुरखेडा

उत्तर : उपयोग आहे, आणि तुम्ही दाखवलेली खोटही खरी आहे. आईची सोबत, जत्रा आणि मावशी या तिन्हींसाठी तुम्ही एकाच फेरीत गेलात. फॉर्मवर मात्र खूण एकच मावत होती.

पर्यटकांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण जुनी आहे. ग्रॅहम डॅन या समाजशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये सांगितलं, की माणसाला घराबाहेर ढकलणारी कारणं वेगळी आणि एखाद्या ठिकाणाकडे ओढून नेणारी वेगळी. मार्कंड्याची कोरीव देवळं, तिथं उत्तरेकडे वळलेली वैनगंगा, जत्रेतली दुकानं ही झाली ओढ. धानाची कामं उरकल्यावर मिळालेली उसंत, रोजच्या त्याच त्या दिवसांचा कंटाळा, आईचा शब्द, हे सगळं ढकलणारं. दोन वर्षांनी जॉन क्रॉम्प्टन यांनी लोकांच्या लांब मुलाखती घेतल्या आणि नऊ हेतू नोंदवले. त्यातले सात मनातले आणि नातेसंबंधातले होते: रोजच्या जगण्यातून सुटका, विश्रांती, प्रतिष्ठा वगैरे. त्या सातांत नात्यातली माणसं जवळ येणं हाही एक हेतू आहे. म्हणजे तुमची मावशी शास्त्राला १९७९ पासून ठाऊक आहे. मार्कंड्याच्या फॉर्ममध्ये तिला जागा ठेवायला हवी होती, एवढंच.

आणि हेतू विचारायचा तर सोबत चालावं लागतं. याचा उत्तम नमुना आपल्याच भाषेत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांनी त्यावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. १९६२ मध्ये तो इंग्रजीत ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आला आणि आज जगभरचे तीर्थयात्रेचे अभ्यासक तो वाचतात. त्यात तक्ता नाही, टक्केवारी नाही. एकाच विठ्ठलाचं नाव घेत चालणारी माणसं जातीप्रमाणे वेगळ्या पंगतीत जेवतात, हे त्यांनी पाहिलं, त्याचा त्रास करून घेतला आणि तो त्रास लेखात तसाच ठेवला. ‘तुम्ही किती समाधानी?’ या प्रश्नाला त्या वारकऱ्यांनी पाचपैकी पाच दिले असते, आणि पंगतीची गोष्ट कुणालाच कळली नसती.

तरी फॉर्म फेकून द्यावा असं मी म्हणणार नाही. हजारो माणसांबरोबर कुणी चालू शकत नाही, आणि मोजल्याशिवाय काही गोष्टी दिसतच नाहीत. सुरिंदर भारद्वाज यांनी उत्तर भारतातल्या यात्रेकरूंना विचारून १९७३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातून असं दिसलं, की जवळच्या देवस्थानी माणूस बहुतेक काही मागायला किंवा नवस फेडायला जातो; बद्रीनाथ-हरिद्वारसारख्या दूरच्या मोठ्या क्षेत्री पुण्यासाठी, शुद्धीसाठी जातो. मार्कंड्याला विदर्भाची काशी म्हणतात. मग तिथं येणारा माणूस जवळच्या देवाकडे येतो की काशीला? तुमच्या आईच्या उत्तरात या प्रश्नाचा एक धागा आहे. असे पुष्कळ धागे हाती आले तरच नक्षी कळेल.

फॉर्म कधी भरून घेतला यालाही महत्त्व असतं. समाधान हे अपेक्षा आणि अनुभव यांच्या अंतरावर ठरतं, हा रिचर्ड ऑलिव्हर यांचा १९८० चा सिद्धांत. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर वाघाचे फोटो मनात घेऊन उभा असलेला माणूस आणि दुपारी वाघ न दिसता परतलेला माणूस एकच असतो, त्याचे आकडे मात्र वेगळे येतील. परतल्यावरच विचारलं तर वाट्याला नुसती निराशा येते. सकाळीही विचारलं असतं तर कळलं असतं, की त्याला जंगलाबद्दल आधी काहीच सांगितलं गेलं नव्हतं.

पण माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. मार्कंड्यात उभं राहून विचारलं तर मार्कंड्यात आलेलेच भेटतात. आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न न आलेल्यांचा आहे. १९७५ मध्ये जॉन हंट यांनी मांडलं, की ठिकाणाची लोकांच्या मनातली प्रतिमा हीच तिथल्या पर्यटनाचं बरंच काही ठरवते, आणि ती प्रतिमा तिथं कधी पाऊल न ठेवलेल्यांच्या मनातही पक्की असते. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि वाहनचालक गेले. तुमच्याच तालुक्यातली गोष्ट. त्या घरांचं दुःख तुम्ही जवळून पाहिलं असेल. पुण्या-मुंबईच्या माणसाच्या मनात गडचिरोली म्हणजे तेवढा एक दिवस, आणि तसे आणखी काही. भामरागडला तीन नद्या भेटतात, आल्लापल्लीजवळ सागाचं जुनं राखलेलं वन आहे, कमलापूरला हत्ती आहेत, यातलं त्याच्या कानावर काही गेलेलंच नसतं. त्याची भीती खोटी ठरवायची नाही, ती समजून घ्यायची आहे: ती कशामुळे आली, कुणाच्या सांगण्यानं कमी होते, जाऊन आलेल्या शेजाऱ्यामुळे की जाहिरातीमुळे. यासाठी नागपूरच्या बसस्टँडवर उभं राहावं लागेल. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून इथं आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्यानं हा विषय घेतला तर मला फार आनंद होईल.

येणारेही सगळे एका जातकुळीचे नसतात. एरिक कोहेन यांनी १९७९ मध्ये प्रवासाच्या अनुभवाच्या पाच तऱ्हा सांगितल्या. एका टोकाला निव्वळ करमणूक. दुसऱ्या टोकाला असा माणूस, ज्याला आपलं जगण्याचं केंद्र दुसऱ्याच ठिकाणी सापडतं. हेमलकशाला येणाऱ्या एकाच गाडीत ही दोन्ही टोकं बसलेली असतात. कुणाला प्राण्यांसोबत फोटो हवा असतो, आणि कुणी तरुण दवाखान्यातली रांग पाहून गप्प होतो, पुढच्या मे महिन्यात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत जातो. १९६७ पासून या छावणीनं अशी कितीतरी मुलं पाहिली आहेत. दोघांनी फॉर्मवर ‘समाधानी’ लिहिलं तर संशोधनाच्या हाती काय आलं?

आणि यजमानांना कोण विचारतं? जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये यजमान गावाच्या मनाचे चार टप्पे सांगितले: आधी उत्साह, मग सवय, मग चीड, शेवटी उघड विरोध. प्रत्येक गाव याच पायऱ्यांनी जातं असं नाही. ताडोब्याच्या काठच्या एकाच गावात गाइड झालेला मुलगा आणि गुरं चारायला जागा न उरलेला म्हातारा दोन टप्प्यांवर असतात. पण गोटुलात विचारल्याशिवाय कॅमेरा घेऊन शिरणाऱ्या पाहुण्याबद्दल माडिया बाईला काय वाटतं, हे तिच्याच भाषेत विचारलं गेलंच पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं आपले अभ्यासगट करून आपल्याच जंगलाचा, आपल्याच हक्कांचा अभ्यास केला. बाहेरचे अभ्यासक तिथं शिकायला येतात. संशोधन असंही होतं, हे आपल्या जिल्ह्यानं दाखवून दिलं आहे.

तेव्हा कुरखेड्याच्या कॉलेजातल्या मुलांना एक सुचवतो. सरकारच्या २०१४-१५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या मुक्कामी प्रवासांपैकी बहुतांश प्रवास नातलगांकडचे, सणासमारंभाचे निघाले. म्हणजे दिवाळीनंतर मंडईला येणारा पाहुणाही मोजणीत पर्यटकच. लेकी-जावई येतात, दिवसभर मंडईत फिरतात, रात्रभर नाटक बघतात. वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम याच पाहुण्यांवर उभा असतो. तुमच्याच तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती या झाडीपट्टी रंगभूमीसाठी. हा प्रेक्षक किती कोसांवरून येतो, कुणाकडे उतरतो, नाटक नसतं तर आला असता का, हे झाडीबोलीत विचारा. येण्याचं एकच कारण मागू नका, सगळी सांगू द्या. नाव लिहायची सक्ती नको, नाही म्हणायची मोकळीक हवी. ज्या घरी दहा पाहुणे उतरले, त्या घरच्या बाईलाही विचारा, की तिला नाटक बघायला मिळालं का. आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष मराठीत लिहून त्याच गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.