व्हॅन लोअर करण्याआधी खालून बघा

बॅटरीवरची व्हॅन लोअर करून घ्यायचं मनात असेल, तर पैसे देण्याआधी ती रॅम्पवर चढवा आणि खालून नीट बघा. डिझेलच्या गाडीत खाली सायलेन्सरचा पाइप असतो. घासला, फुटला, तर वेल्डिंगवर भागतं. बॅटरीच्या बहुतेक नव्या व्हॅनमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जागा बॅटरीच्या चपट्या पेटीने भरलेली असते. म्हणजे गाडीतला सगळ्यांत महाग भाग रस्त्याच्या सगळ्यांत जवळ.

घाटकोपरला मी अलाइनमेंट आणि सस्पेन्शनची कामं करतो. विमानतळाची भाडी मारणारा मुलुंडचा एक मुलगा अशीच सात माणसांची व्हॅन घेऊन आला. तक्रार दोन गोष्टींची होती: स्टिअरिंग डावीकडे ओढतं आणि गाडी भरली की मागून धपकन आदळते. आखूड स्प्रिंगा त्याने दुसरीकडे बसवून घेतल्या होत्या. ‘‘काका, ते म्हणाले कंपनीच्याच शॉकअपवर बसतात, बाकी काही बदलावं लागत नाही.’’

बसतात, हे खरंच. पण साडेतीन सेंटिमीटर खाली आलेल्या गाडीत शॉकअपचा दांडाही कायम तेवढाच आत दबलेला राहतो. खड्ड्यात चाक वर यायला जी जागा हवी, ती आधीच खर्च झालेली असते. मग स्प्रिंगचं काम रबरी बंप स्टॉपरवर येतं, आणि तो काही प्रत्येक खड्ड्याला मार खाण्यासाठी केलेला नसतो. मागचा स्टॉपर मी हातात घेतला, तर शिळ्या केकसारखा चुरा झाला. पुढचा टायर बाहेरून बघाल तर नवा. आतल्या कडेला हात फिरवला तर तारा लागल्या. गाडी खाली बसली की चाकाचा उभा कल (कँबर) आणि पुढची दिशा (टो) दोन्ही बदलतात. अलाइनमेंट न करता गाडी सोडून दिली की टायर आतून खातो, आणि ते उभ्या माणसाला दिसत नाही.

बॅटरीच्या पेटीखालचं संरक्षक कव्हर बघून मात्र मला वाईट वाटलं. लांबलचक ओरखडा, त्यावरचा लेप निघून पत्रा उघडा पडलेला, आणि एका बोल्टचं डोकं घासून सपाट झालेलं.

हे कुठे घडलं असेल, ते सांगायला ज्योतिषी नको. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. पावणेतीन-तीन मीटर व्हीलबेसची गाडी त्याच्या मधोमध आली की चारही चाकं त्याच्याच उतारांवर असतात, त्यामुळे पोटाखाली जेमतेम सहा-सात सेंटिमीटरच उंची येते. आपल्या सोसायट्यांच्या फाटकांत आणि गल्ल्यांत असतात ते अरुंद, टोकदार, डांबराचे नाहीतर सिमेंटचे उंचवटे. पुढची चाकं ओलांडून गेली की उंचवट्याची अख्खी उंची पोटाखाली उभी राहते. त्याच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर 17 सेंटिमीटर. त्यातून लोअरिंगचे साडेतीन गेले, सात माणसं आणि बॅगांच्या वजनाने आणखी चारेक गेले. उरले साडेनऊ. वर धक्क्याने गाडी खाली झुकते ते वेगळंच.

यात पावसाळा धरा. अंधेरीचा सबवे दरवर्षी भरतो. बॅटरीच्या पेटीला सहसा आयपी67 दर्जा असतो, म्हणजे ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पण ती चाचणी धड पेटीवर होते. चेपलेल्या पेटीचं सील कुठे सुटलं असेल, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घासलेली गाडी आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन इन्सुलेशन तपासून घ्या. उच्च दाबाच्या नारिंगी केबलला बाहेरच्या कुणालाही हात लावू देऊ नका, आणि जॅक नेमून दिलेल्या जागीच लावायचा, बॅटरीखाली कधीही नाही.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि 2019च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा होईल तेव्हा होईल. त्याआधी वॉरंटी आणि विम्याच्या क्लेमला याच स्प्रिंगा आडव्या येतात. दोन्हीकडे लेखी विचारा.

वळणावर गाडी झुकते म्हणून लोअर करायची असेल, तर आधी भरल्या गाडीच्या हिशोबाने टायरमधली हवा बघा. मग शॉकअप, लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथेच सापडतं. लिंक रॉडला थोडेच पैसे पडतात आणि गाडी पुन्हा घट्ट वाटते.

ज्यांनी लोअरिंग करून घेतलंय त्यांनी मूळ स्प्रिंगा परत बसवाव्यात. त्यासाठी जुन्या स्प्रिंगा ताब्यात हव्यात. या मुलाच्या दुकानदाराने भंगारात काढल्या होत्या, नव्या मागवाव्या लागल्या. मागवताना चासी नंबर द्या. त्याच मॉडेलची डिझेल गाडी असली, तरी तिच्या स्प्रिंगा बॅटरीच्या वजनासाठी केलेल्या नसतात. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी) उघडताना स्प्रिंग कंप्रेसरने दाबूनच वरचा नट काढायचा. ती उडाली तर माणूस जायबंदी होतो, म्हणून हे काम घरी पार्किंगमध्ये करू नका. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असताना आवळायचे. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. शेवटी अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा.

जुनी बॅटरीची व्हॅन विकत घेत असाल, तर पुढच्या टायरांच्या आतल्या कडेला हात फिरवा, बॅटरीच्या कव्हरवर टॉर्च मारा आणि स्प्रिंगवरचा कंपनीचा रंगाचा ठिपका किंवा नंबर बघा. तो नसेल, तर मूळ स्प्रिंगा कुठे आहेत ते मालकाला विचारा, आणि वर्कशॉपचा बॅटरीचा अहवाल हातात येईपर्यंत टोकन देऊ नका.