ताईची गाडी आणि माझा व्हायवा

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘एकोणसत्तर’ म्हणजे नक्की किती, हे मला अजूनही क्षणभर थांबून आठवावं लागतं. त्यामुळे शुद्धलेखनाकडे कृपया कानाडोळा करा. मराठी विभागासाठी कविता मागितली होती, पण कविता मला जमत नाही. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी जे शिकले, तेच लिहिते. विषय आहे : घरातल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी जुनी छोटी गाडी कशी बघून घ्यावी.

माझी ताई पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिची ड्यूटी कधी रात्री दहाला संपते, कधी अकराला. एकदा रिक्षाच मिळेना, तर ती तासभर हॉस्पिटलच्या गेटवर उभी होती. हे आईला कळलं आणि त्याच आठवड्यात बाबांनी एफडी मोडायचं ठरवलं. रक्कम चार लाख. एवढ्यात मनासारखी नवीन गाडी बसत नव्हती, म्हणून जुनी घ्यायचं ठरलं. आणि बघायला कोण जाणार? अर्थातच घरातली ‘इंजिनिअर’, म्हणजे मी!

आता खरं सांगते. ऑटो सायकलची एफिशियन्सी मी झोपेतही डिराइव्ह करू शकते. पण बोनेट उघडायचा खटका कुठे असतो, ते मला माहीत नव्हतं. बाबांच्या स्कूटरचे मिस्त्रीकाका बरोबर आले म्हणून लाज राहिली. काका म्हणाले, “पोरी, गाडी म्हणजे पेशंट समज. पावडर लावून आलेल्या पेशंटला आधी तोंड धुवायला सांगायचं.”

पहिला धडा : सगळे पैसे गाडीत घालू नका

चार लाख हातात असतील तर गाडी साडेतीन लाखांची बघायची. उरलेले पैसे टायर, बॅटरी, ऑइल, विमा आणि नावावर करण्याच्या खर्चाला लागतातच. मालकाच्या विम्यातला नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. हेही हिशेबात धरा.

मॉडेल निवडताना दिसण्यापेक्षा दोन गोष्टी बघा. एक, त्या गाडीचे पार्ट गावोगावी मिळतात का? दोन, ती कोणत्या वर्षाची आहे? एप्रिल २०१९ पासून सगळ्या नवीन गाड्यांना एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये या गोष्टी असतीलच असं नाही. रात्री एकटी गाडी चालवणाऱ्या मुलीसाठी अलॉय व्हील नसले तरी चालतील, एअरबॅग हवीच.

दुसरा धडा : गाडी सकाळी बघा, थंड बघा

गाडीबाजारात पोचल्यावर काकांनी आधी बोनेटवर हात ठेवला. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंडीत स्टार्ट न होण्याचा दोष लपतो. म्हणून इंजिन गार असतानाच चालू करायला सांगायचं. मग मागे जाऊन धूर बघायचा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेलं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. सकाळी थोडी वाफ दिसली तर घाबरू नका. पण गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता आहे, म्हणजे हेड गॅस्केटचा खर्च. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघा. भकाभक धूर येत असेल तर ती गाडी सोडून द्यायची. झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली तरी सावध व्हा.

तिसरा धडा : मीटरवर नाही, पॅडलवर विश्वास ठेवा

किलोमीटरचं मीटर मागे घेता येतं, पॅडलचं रबर मागे घेता येत नाही! मीटर तीस हजार दाखवतंय आणि क्लचचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, ड्रायव्हरची सीट बसलेली, तर हिशेब जुळत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला टायर. काचांवरही वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली, हे विचारायचं. बोनेटच्या आणि दरवाज्यांच्या बोल्टचा रंग उडाला असेल तर तिथे पाना लागलेला आहे. शक्य असेल तर गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला रेकॉर्ड काढायला लावा. तिथे तारखेसकट किलोमीटर लिहिलेले असतात.

चौथा धडा : सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा

आता मुख्य गोष्ट. त्या बाजारात आम्हाला एक चंदेरी गाडी मिळाली होती. २०१८चं मॉडेल, आरशासारखं पॉलिश, आत मोगऱ्याचा वास. बाबा इतके खूश झाले की आम्ही बोनेट लावायच्या आत त्यांनी पाच हजार टोकन देऊन टाकलं! डीलर मला म्हणाला, “ताई, तुम्ही आत बसा, चहा घ्या.” मी चहा घेतला नाही, ड्रायव्हरच्या सीटवर बसले. काकांनी खुणावलं, “बेल्ट ओढ. पूर्ण.” ओढला. बाहेरचा भाग स्वच्छ होता. पण आतला, रोज गुंडाळलेला राहतो तो भाग, मातकट तपकिरी होता आणि त्यावर सरळ रेषेत डाग होता. मग सीटखाली हात घातला, तर रेलला गंज. स्टेपनी उचलली, तर खाली वाळलेला गाळ.

डीलर म्हणाला, “अहो, चहा सांडला असेल.” काका शांतपणे म्हणाले, “स्टेपनीखाली पण चहाच का?”

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. अशा वेळी पाण्याखाली गेलेल्या कितीतरी गाड्या पुढे धुऊन-पुसून विकल्या जातात. ही गाडी कुठे बुडाली ते आम्हाला कळलं नाही. नंबर प्लेटवरून ते कळतही नाही आणि पूर आलेल्या भागातली प्रत्येक गाडी वाईट असते असंही नाही. पण पाणी सीटच्या वर गेलं होतं, हे नक्की.

त्याने काय बिघडतं? इथे मात्र माझं शिक्षण कामाला आलं. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना इंजिन फिरवलं तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. समजा इंजिन वाचलं, तरी वायरिंगच्या कनेक्टरमध्ये गंज हळूहळू चढत राहतो. आज गाडी मस्त चालते, सहा महिन्यांनी ईसीयू रुसतो. एअरबॅगचे सेन्सर आणि त्यांच्या वायरीही तिथेच, सीटच्या आसपास असतात. मी बाबांना बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, “बाबा, ही गाडी रात्री अकरा वाजता हायवेवर बंद पडली तर ताई पुन्हा रस्त्यावरच उभी राहील. आणि धडक झाली तर एअरबॅग उघडेलच असं नाही.”

बाबा काही बोलले नाहीत. टोकन परत मिळालं नाही. घरी जाताना पूर्ण रस्ताभर ते गप्पच होते. पाच हजार गेल्याचं मलाही वाईट वाटलं. पण त्या दिवशी मला कळलं की टोकन हे बघून झाल्यावर द्यायचं असतं, आवडल्यावर नाही.

पाचवा धडा : कागद म्हणजे अर्धी गाडी

पंधरा दिवसांनी एका निवृत्त शिक्षकांची २०२०ची वॅगन आर बघितली. ९९८ सीसी पेट्रोल, दोन एअरबॅग. दारावर ओरखडा होता, पण सर्व्हिसची सगळी बिलं फाईलमध्ये लावलेली! चालवून बघितली. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवली तर कटकट आवाज नाही (तो आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेलेला असतो). ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढत नाही. मी माझ्या रूममेटचा ओबीडी स्कॅनर नेला होता, तो लावला. एकही फॉल्ट कोड नाही. एक लक्षात ठेवा, कुणी कोड नुकतेच पुसले असतील तर स्कॅनरमध्ये ‘रेडिनेस’ अपूर्ण दिसतो. तेही बघा.

मग कागद. आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओचं एनओसी, आणि इथला टॅक्सही. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी. थकलेली ई-चलनं आधी मालकाला भरायला लावा. गाडी २०१९च्या एप्रिलपूर्वीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का, तेही विचारा.

विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा कंपनीला आपण चौदा दिवसांत कळवायचं. हे विकणाऱ्याच्याही हिताचं आहे, कारण अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलेलं आहे. “नंतर करू नावावर” म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

असो. ती ओरखडावाली वॅगन आर आता ताईकडे आहे. ओरखडा आम्ही तसाच ठेवला आणि त्या पैशांत दोन नवीन टायर टाकले. ड्यूटी संपवून रूमवर पोचली की ताई घरच्या ग्रुपवर एकच शब्द टाकते, “पोचले.” तोपर्यंत आई झोपत नाही. हल्ली तो मेसेज लवकर येतो.

मित्रांनो, चार सेमिस्टरमध्ये मी बरेच व्हायवा दिले, पण खरा व्हायवा त्या गाडीबाजारात झाला. एक्सटर्नल एक्झामिनर होते मिस्त्रीकाका, आणि मी काठावर पास झाले! हॉस्टेलमधल्या कुणाला घरच्यांसाठी गाडी बघायची असेल तर रविवारी सकाळी मला सांगा. फी एक कटिंग आणि एक वडापाव. मात्र टोकन आधी देऊन येऊ नका!